तीन औंस

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाचा फोन शनिवारी पहाटे चारला वाजला, तर दोनच शक्यता असतात. एक तर भारतात कोणीतरी गेलं, नाही तर नानांना शिसं ठरवायचंय.

"किती लावू?" नाना विचारतात. नमस्कार-चमत्कार काही नाही. "वारा नैर्ऋत्येचा आहे, दहा नॉट. ओहोटी आठला लागतेय. मी तीन औंसांवर आलोय. अडीच लावू का?"

मी पांघरुणातून "तीन" म्हणतो.

"तुला यातलं काही कळत नाही," असं म्हणून ते फोन ठेवतात. कळत नाही हे खरंच आहे. पण ज्याला कळतं त्याला विचारलं, तर तो आठ म्हणेल. म्हणून नाना मला विचारतात.

नाना मूळचे सोलापूरचे. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातला हा माणूस साठीनंतर अटलांटिक महासागराच्या नादी कसा लागला, याची कथा फार मोठी नाही. एका औषध कंपनीत तीस वर्षं त्यांनी गुणवत्ता तपासली. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा दोन महिने काकूंच्या पोळ्यांचा व्यास तपासला. मग मुलानं त्यांना बेलमारहून सुटणाऱ्या एका मोठ्या बोटीचं तिकीट काढून दिलं. माणशी पैसे भरायचे, काठी भाड्यानं घ्यायची, चाळीस अनोळखी लोकांबरोबर कठड्याला उभं राहायचं आणि फ्लूक गरवायचा. त्या दिवशी नानांना मासा एकही मिळाला नाही. मिळाली ती माशापेक्षा मोठी गोष्ट. या धंद्यात चुकण्याच्या जागा किती आहेत, ते त्यांना दिसलं. गुणवत्ता तपासनिसाला आणखी काय हवं?

फ्लूक म्हणजे फ्लाउंडरांपैकी एक. पुस्तकात त्याला उन्हाळी फ्लाउंडर म्हणतात. जर्सीच्या किनाऱ्यावर मात्र नुसतं 'फ्लाउंडर' म्हटलं, तर लोकांना तो दुसरा, बारक्या तोंडाचा हिवाळी वाटतो. हा चपटा मासा जन्मतो तेव्हा चारचौघांसारखाच असतो, एक डोळा इकडे, एक तिकडे. मग त्याचा उजवा डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत डावीकडे येतो आणि मासा पांढऱ्या उजव्या कुशीवर जो आडवा होतो तो कायमचा. वरची बाजू वाळूच्या रंगाची करून घेतो, अंगावर थोडी वाळू ओढतो आणि दोन्ही डोळे वर लावून वाट बघत पडून राहतो. "आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत असे दोघे आहेत," असं नाना म्हणतात. तोंडाजवळून काही गेलं की मात्र हा आळशी प्राणी असा उसळतो की काठी हातातून जाते. दात आहेत त्याला, आणि ते दिसतात. 

काकू वेंगुर्ल्याच्या. पहिला फ्लूक घरी आला तेव्हा त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यो तर आमचो लेपो. अमेरिकेत येऊन माजलेलो." तो विषय त्यांच्यापुरता तिथे संपला. नानांचा तिथून सुरू झाला.

त्यांच्या तळघरात आता चौदा डबे आहेत. प्रत्येकावर चिठ्ठी. गळांचे तीन, कारण गळांचे आकडे कोणी ठरवले कोण जाणे: साध्या आकड्यांत आकडा वाढला की गळ लहान होत जातो, आणि आकड्यामागे तिरकी रेघ आणि शून्य लागलं की मोठा. म्हणजे सहापेक्षा दोन मोठा, दोनपेक्षा एक मोठा, पण दोन-शून्यापेक्षा पाच-शून्य मोठा. हे ऐकल्यावर कुठलाही सरळ माणूस मासे पकडायचं सोडून देईल. नानांना मात्र हे इतकं आवडलं की त्यांनी तक्ता करून भिंतीवर लावला. फ्लूकला ते चार-शून्याचा, रुंद पोटाचा गळ लावतात. लावण्याआधी टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून बघतात. घसरलं तर बोथट, नखात रुतलं तर पास. नानांचं डावं नख किसणीसारखं झालंय.

मग दोरा. काकूंच्या लेखी तो तंगूस. बाटलीला गुंडाळलेला, टोकाला गळ आणि वर बांधलेला दगड. लहानपणी खाडीवर त्यांनी त्यावर शेंगाळे काढलेत. नानांकडे दोन प्रकारचे दोरे आहेत. काठीच्या चाकावर विणलेला, पंधरा पौंडांचा. तो बारीक असतो, त्यामुळे प्रवाह त्याला कमी ओढतो, आणि ताणला जात नाही, त्यामुळे ऐंशी फुटांखाली माशानं नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं. शेवटचे तीन फूट दुसऱ्या दोऱ्याचे, जो पाण्यात दिसत नाही म्हणतात. तो गालिच्यावरही दिसत नाही, हे काकूंनी अनवाणी पायांनी सिद्ध केलंय.

या दोघांच्या मध्ये येते ती तीन तोंडांची फिरकी. पितळेचं एवढंसं यंत्र: एका तोंडाला काठीकडून आलेला दोरा, दुसऱ्याला वीतभर दोऱ्यावर शिसं, तिसऱ्याला गळाकडे जाणारा तो अदृश्य दोरा. बोट वाऱ्याबरोबर, प्रवाहाबरोबर वाहत जाते. शिसं तळाशी टक्-टक् करत खुरडत जातं आणि त्याच्या मागे आमिष जिवंत असल्यासारखं तरंगत येतं. इतकंच आहे खरं तर. जर्सीत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे यावरच मासे काढतात. पण 'इतकंच आहे' हे वाक्य नानांच्या कोशात नाही. फिरकी आणि गळ यांच्यामध्ये त्यांनी आधी एक मणी घातला. मग मण्याला सोबत म्हणून दुसरा. मग चकाकणारी, गरगर फिरणारी पत्र्याची पाकळी, आमिष तळापासून किंचित वर राहावं म्हणून छोटा गुलाबी फुगा, आणि गळाच्या बुडाशी पांढऱ्या केसांचा झुपका. हे सगळं हातात धरून ते उभे राहिले, की मुंडावळ्या बांधायला निघालेल्या मामासारखे दिसतात.

आमिषाचीही तीच तऱ्हा. म्हाकुलाची पट्टी लांबट त्रिकोणी कापायची, रुंद टोकाशी गळ एकदाच ओवायचा आणि निमुळतं टोक शेपटीसारखं वळवळू द्यायचं, हे योग्यच आहे. दोनदा ओवलं तर पट्टी गोळा होते आणि पाण्यात भोवऱ्यासारखी फिरते. पण नाना ती पट्टी फूटपट्टी लावून, सर्जनच्या सुरीनं, साडेचार इंचांची कापतात. कापताना उरलेले तुकडे नापास म्हणून बाजूला टाकतात. काकू मागे उभ्या राहून बघतात. चांगल्या म्हाकुलांचा असा शेवट बघायला त्या अमेरिकेत आल्या नव्हत्या.

बाजारात बरणीतलं तयार मऊ आमिषही मिळतं, शेपटीवाल्या बारक्या माशाच्या आकाराचं, वास मारणाऱ्या पाण्यात बुडवलेलं. पांढरं, गुलाबी, पोपटी. खाली वजनदार डोक्याचा केसाळ गळ, त्याला एक रंग. फूटभर वर दुसरा गळ, त्याला दुसरा रंग. काठी सतत वरखाली उडवत राहायचं. हल्लीची पोरं असंच गरवतात आणि खरं सांगायचं तर नानांपेक्षा जास्त मासे काढतात. नानांनी त्या बरण्या घेतल्या, सात रंगांच्या. त्यांतली एक जुलैत त्यांच्या गाडीच्या डिकीत कलंडली. त्याच डिकीत रविवारच्या मराठी शाळेची पुस्तकं होती. आजही आमच्याकडच्या दुसरीतल्या मुलांना बाराखडी म्हटली की भरतीच्या वेळची खाडी आठवते, आणि एका अर्थी हे भाषाशिक्षण फारच अस्सल म्हणावं लागेल.

पण हे सगळं झालं सोपस्कारांचं. नानांचं खरं तत्त्वज्ञान शिशात आहे.

सिद्धांत असा: तळ धरून ठेवायला जेवढं लागेल तेवढंच शिसं लावावं, एक गुंजही जास्त नको. जड शिसं तळावरून नांगरासारखं घसटत जातं, आमिषाची चाल बिघडते, आणि माशानं ओठ लावलेलं कळत नाही. हलक्या शिशानं हाताला तळ वाचता येतो: इथे वाळू, इथे शिंपले, इथे तो. नानांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. कुठलाही जाणता गरवणारा हेच सांगेल. फक्त तो हे सांगतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःची बोट असते, दोन माणसं आणि मोकळं पाणी. नाना चाळीस माणसांच्या बोटीवर असतात.

चाळीस माणसं एका कठड्याला दाटीवाटीनं उभी, दोन फुटांवर दुसऱ्याची काठी. सगळ्यांचं शिसं सारखं असलं तर सगळे दोरे एका कलानं, समांतर, दिंडीतल्या वारकऱ्यांसारखे चालतात. बोटीवरचे खलाशी म्हणून सुटतानाच ओरडून सांगतात: आज आठ औंस, सगळ्यांनी आठ. आणि त्यात एकाचंच तीन औंसांचं असलं, तर त्याचा दोरा तळ सोडतो, प्रवाहावर आडवा होतो आणि सगळ्या दिंडीतून उलटा चालू लागतो.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी शेजारीच होतो. नानांची काठी वाकली. "आला!" नाना ओरडले. पलीकडच्या माणसाची काठीही वाकली. "आला!" तोही ओरडला, अर्थात इंग्रजीत. मग तिसऱ्याची, चौथ्याची. अर्ध्या मिनिटात सात जण कठड्याला पाय लावून एकाच माशाशी लढत होते. वर आलं ते झुंबर. सात शिशी, नऊ गळ, म्हाकुलाच्या पट्ट्या, आणि मधोमध, सणावारी उजळून निघालेली, नानांची मणी-पाकळी-फुग्याची रचना. खलाशानं चाकू काढला आणि पहिल्यांदा नानांचाच दोरा कापला. आकस नव्हता त्यात. त्या गुंत्यात ओळखू येण्यासारखं तेवढंच होतं.

"याला माझं शिसं जबाबदार नाही," नाना मला मराठीत म्हणाले. "बाकीच्यांनी जास्त लावलंय."

त्या सात जणांत बेयॉनहून आलेली एक आजी होती. सत्तरीची, बेसबॉलची टोपी, घडीचं स्टूल, एकच काठी, आणि सगळा संसार एका आइसक्रीमच्या डब्यात. साधी फिरकी, साधा गळ, म्हाकुलाची पट्टी आणि तिच्यावर एक छोटा चंदेरी मासा. शिसं आठ औंस. तिनं आपला दोरा मुकाट्यानं सोडवून घेतला, नानांकडे पाहिलं आणि विचारलं, "हाऊ मेनी औंसेस, डॉक?" जर्सीत आमच्या वयाचा नि रंगाचा माणूस डॉक्टरच असतो. नानांनी ही चूक कधीच दुरुस्त केली नाही. आणि औंस सांगितले नाहीत.

नानांच्या फायलीत हा प्रसंग 'वाऱ्याची दिशा अचानक बदलली' असा नोंदला गेला. फाइल म्हणजे खरीच फाइल: तारीख, वारा, भरती, खोली, शिसं, रंग, मासे. शेवटचा रकाना बहुतेक ओळींत रिकामा असतो. ज्या ओळीत काही असतं, तिथे 'आखूड' असं लिहिलेलं. न्यू जर्सीत अठरा इंचांचा नियम कित्येक वर्षं चालला, मध्ये तो थोडाफार इकडेतिकडे होत राहिला. त्याहून लहान फ्लूक परत सोडायचा. आणि फ्लूक हा मासा असा की सतरा इंचांचे हवे तेवढे मिळतात. नानांनी घरी पाटासारखी फळी करून तिच्यावर इंच कोरलेत. सतरा आणि पाच-अष्टमांशाचा एक मासा त्यांनी त्या फळीवर तीनदा मोजला, शेपटी मिटून, शेपटी उघडून, पुन्हा मिटून, आणि मग इतक्या हळुवारपणे पाण्यात सोडला की बघणाऱ्याला वाटावं, परीक्षेत नापास झालेल्या पोराची समजूत घालतायत.

मोठ्या फ्लूकला तिथले लोक पायपुसणं म्हणतात, दाराशी घातलेल्या चटईएवढा म्हणून. दहा पौंडांच्या पुढचा असला की मान मिळतो. नाना हा शब्द मराठीतच वापरतात आणि नवीन माणूस बुचकळ्यात पडतो: "परवा त्या बोटीवर एकाला अकरा पौंडांचं पायपुसणं मिळालं." जागतिक विक्रम त्यांना तोंडपाठ आहे: १९७५ सालचा सप्टेंबर, लाँग आयलंडच्या टोकाचं माँटॉक, २२ पौंड ७ औंस. त्या वर्षी नाना सोलापुरात कॉलेजात जात होते आणि मासा त्यांनी ताटात सोडाच, बाजारातही धड पाहिला नव्हता. या विक्रमाबद्दल त्यांची एकच तक्रार आहे. माशाचं वजन सगळीकडे छापून येतं, शिशाचं कुठेच नाही.

मागच्या नोव्हेंबरात नानांचा वाढदिवस झाला. काकूंनी चंदेरी कागदात गुंडाळलेली, फीत बांधलेली भेट दिली. नानांनी उचलली आणि ती टेबलावरून हलेना. आत सहा शिशी, प्रत्येकी आठ औंस.

"तळाक लागूक व्हया," काकू म्हणाल्या. "न्हायतर तो दोरो सुकत घातलेल्या पातळासारखो वर उडता."

एवढं सोपं वाक्य चाळीस वर्षं घरात होतं आणि नानांनी चौदा डबे घेतले, हे माझ्या मनात आलं. पण मी केक खात होतो. नानांनी ती शिशी तळघरात नेली आणि फाइलीच्या छापील प्रती उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवली. कागद दाबायला त्यांच्या मते ती उत्तम होती.

हरले नाहीत मात्र. हिवाळाभर विचार करून त्यांनी शोध लावला की दोष शिशाचा नाही, जागेचा आहे. बोटीच्या मागच्या कोपऱ्यात जो उभा राहतो त्याच्या एका बाजूला कोणीच नसतं. त्याचा दोरा उघड्या पाण्यात जातो. तिथे तीन औंस लावले काय, दोन लावले काय, गुंता होणार नाही. फक्त तो कोपरा मिळवायला हवा. बोट साडेसातला सुटते. म्हणजे पहाटे पाचला धक्क्यावर, म्हणजे सव्वाचारला एडिसनहून, म्हणजे साडेतीनला उठणं. पाच औंस वाचवण्यासाठी दोन माणसांची झोप. दुसरा माणूस मी.

जूनमधला शनिवार. पार्कवेवर आमचीच गाडी. नाना खुशीत होते, गाडीत अजूनही तो मराठी शाळेचा वास होता, आणि वाटेत ते मला समजावत होते की आज बोट कृत्रिम खडकावर जाईल, तिथे सरकारनं मासे यावेत म्हणून जुनी जहाजं आणि काँक्रीटचे ढिगारे बुडवलेत, काही ठिकाणी तर लष्करानं बाद केलेले रणगाडेसुद्धा. अशा जागी जड शिसं अडकतं, हलकं टणाटण उड्या मारत जातं. "गेल्या वर्षी माझा गळ रणगाड्याला लागला होता," ते म्हणाले. "पंधरा पौंडांच्या दोऱ्यावर रणगाडा. तुटला अर्थात. दोरा."

धक्क्यावर पोचलो तर अंधार, दिव्याखाली चिलटं, बोटीवर कोणी नाही. नाना जवळजवळ पळत मागच्या कोपऱ्याशी गेले आणि थांबले.

कोपऱ्याच्या कठड्याला एक काठी रबरी पट्ट्यानं बांधलेली होती. तिच्या खाली घडीचं स्टूल. स्टुलावर टोपी आणि टोपीखाली आजी, थर्मासमधून कॉफी पीत.

"मॉर्निंग, डॉक," ती म्हणाली. "मी रात्री बाराला काठी बांधून गाडीत झोपले." तिला कोपरा का लागतो, ते मग कळलं. गेल्या वर्षीपासून एक माणूस बोटीवर येतो, तो हलकं शिसं लावतो. तो कोण हे तिनं सांगितलं नाही. शेजारची जागा मात्र हातानं थोपटली.

नाना बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. बोट सुटली, सँडी हूक डावीकडे दूर राहिलं, सूर्य वर आला. खलाशानं ओरडून सांगितलं, आज आठ. वारा आणि ओहोटी एकाच दिशेला होती, बोट तासाला सव्वा-दीड मैलानं सरकत होती. तीन औंस या पाण्यात पतंग झाले असते, हे नानांनाही दिसत होतं. त्यांनी अकरा नंबरचा डबा उघडला. त्यात तीन औंसांची शिशी असायची. होती ती सहा, प्रत्येकी आठ औंस, एकावर अजून चंदेरी कागदाचा तुकडा चिकटलेला.

"हिनं ठेवलेली दिसतायत," नाना म्हणाले.

आजी आपल्या दोऱ्याकडे बघत होती, इतकी एकाग्र की मला शंका आली.

नानांनी एक शिसं तळहातावर तोललं. फिरकीच्या खालच्या तोंडाला अडकवलं. मग पाकळी काढली, फुगा काढला, झुपका काढला, सगळं नीट आपापल्या डब्यांत ठेवलं. पिवळा मणी चिमटीत धरून थोडा वेळ थांबले.

"हा एक राहू दे," ते म्हणाले. "एकानं काही होत नाही."

दोरा सुटला. नेहमी तो सुटतच राहतो आणि नाना बोटानं प्रवाहाचा अंदाज घेत काहीबाही पुटपुटत असतात. या वेळी सरसर सुटला आणि एकदम ढिला पडला. नाना दचकले. काठीचं टोक किंचित उचललं, खाली केलं. परत उचललं.

"लागला!" ते ओरडले.

मी जाळं घ्यायला धावलो. आजीनं मान वळवली.

"मासा नव्हे रे," नाना म्हणाले. "तळ."